शेवटच्या चार दिवसांची वही

३ फेब्रुवारी

ताई,

मंडळाच्या छापील कागदावर लिहितेय म्हणून हे कचेरीचं पत्र समजू नकोस. समजलीस तरी चालेल म्हणा, कारण काम कचेरीचंच आहे. आपल्या भूगोलतज्ज्ञ मंडळाला यंदा पंचाहत्तर वर्षं पुरी होतायत. ‘आपल्या’ असं लिहून गेले, राहू दे. त्यानिमित्त स्मरणिका निघणार आहे. तीत जुन्या मोहिमांचे फोटो जातील, आणि त्यातला एक धरणाच्या तलावाच्या मोजणीचा आहे. तू होडीच्या टोकाशी उभी, हातात दोरी, तिच्या टोकाचा शिशाचा गोळा नुकताच पाण्याला टेकतोय. तो छापायला तुझी संमती लागेल. सोबतच्या कागदावर सही करून पाठव.

एकोणीस वर्षांनी पत्र लिहायचं आणि त्यात सही मागायची, हे तुझ्या बहिणीलाच जमावं, असं तू म्हणशील. म्हण.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. ती आता माझ्याकडेच असते. दिवसभर मला चालायला लावते आणि स्वतः खुर्चीतून सूचना देते. मी सहा वर्षांपासून मंडळाची कार्यवाह आहे. जिना तोच, नकाशांचे उथळ खण असलेलं कपाट तेच, तिसरा खण अजून अडकतो. सर आता चौऱ्याऐंशीचे आहेत, घरीच असतात, पण स्मरणिकेचा पहिला लेख त्यांचाच आहे: ‘तलावाची शंभर वर्षं’. गाळ आला तरी तलाव शंभर वर्षं पुरेल, हे त्यांच्या जुन्या पुस्तकातलंच.

हो, त्या तलावाची पुन्हा मोजणी होतेय. आता होडीत दोरी सोडून बसावं लागत नाही. यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि परत येणारा आवाज ऐकून खोली सांगतं. तुला हसू येईल. किंवा येणार नाही.

भावोजींना नमस्कार.

बारकी

२१ फेब्रुवारी

ताई,

सही आली नाही. टपाल रेंगाळलं असेल, असं मी मंडळात सांगितलंय.

मोजणी करणारा मुलगा परवा आला होता. मुलगा म्हणजे पस्तिशीचा असेल, पण मला आता सगळेच मुलगे वाटतात. कचेरीत त्याला ‘यंत्रवाला’ म्हणतात. ओल्या बुटांनी थेट वाचनालयात शिरला, लांब टेबलावर पसारा मांडला आणि म्हणाला, “मॅडम, एकोणीस वर्षांपूर्वी इथं कुणीतरी दोरीनं मोजणी केली होती. अहवालात दोनच ओळी आहेत. ‘नोंदी विश्वासार्ह नसल्याने रद्द.’ मूळ वही कुठंय?”

“नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे हरवली?”

“म्हणजे मंडळाकडे नाही.”

त्यानं मान डोलावली. पण गेला नाही. पंख्याखाली बूट वाळवत बसून राहिला आणि मला उगाचच चार वेळा खाली-वर जावं लागलं. हल्ली मला एका जागी बसवतच नाही. कपाट उघडते आणि कशाला उघडलं ते आठवत नाही. आई म्हणते, तुझ्या पायाला चाकं लागलीत.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून एकदाच लिहिते. त्या दिवशी चौकशी समितीनं जे विचारलं तेवढ्याचंच उत्तर मी दिलं. शेवटचे चार दिवस तुम्ही होडीत होतात का, असं त्यांनी विचारलं. मला मधे ताप येऊन गेला होता, हे तुलाही माहीत आहे. कोणत्या दिवशी गेले आणि कोणत्या दिवशी काठावर राहिले हे नक्की सांगता येणार नाही, असं मी म्हटलं. तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलले नाही. निर्णय त्यांनी घेतला. समितीचे अध्यक्ष म्हणून सरांनी घेतला. अकरा दिवसांपैकी नेमके भिंतीजवळचे, सगळ्यात खोल भागाचे चार दिवस, आणि त्यांचीच मूळ वही नाही, फक्त तुझ्या अक्षरातली स्वच्छ प्रत. त्यांना वाटलं तू आकडे घरी बसून लिहिलेस. मी काय करणार होते?

हे लिहिलं, वाचलं आणि फाडणार होते. पण पाठवते.

बारकी

१४ मार्च

ताई,

तुझं काही आलं नाही. हे पत्र मात्र वाच, यात तुझ्या उपयोगाचं आहे.

मोजणी पुरी झाली. भिंतीपाशी तलाव आता फक्त बावीस मीटर खोल आहे. धरण बांधलं तेव्हा एक्केचाळीस होता. बाकीचा सगळा गाळ. शहरात आता तिसऱ्या दिवशी पाणी येतं. आमच्या गल्लीत बायका बादल्या मांडून ठेवतात आणि बादलीवर खूण म्हणून चप्पल. मंडळाच्या मोरीचा नळ तर मी दोरीनं बांधूनच टाकलाय.

यंत्रवाल्यानं आणखी एक केलं. तळातल्या गाळात लांब नळी खुपसून गाळाचा उभा तुकडा वर काढला. दरवर्षीचा एक थर असतो म्हणे, पुराच्या दिवसांतला जाड आणि मग बारीक. त्यानं त्याचे कापलेले भाग आमच्या लांब टेबलावर वर्तमानपत्रं पसरून ओळीनं ठेवले आणि वरून खाली एकेक थर मोजत गेला. वाचनालयातले दोघे-तिघे उठून बघायला आले. एकोणीस थर मोजले, पेन्सिलीनं खूण केली, पट्टी लावली. खूण सात मीटर खाली होती; वरचं बावीस मीटर पाणी धरून एकोणतीस.

तुझ्या स्वच्छ प्रतीत एकोणतीसच आहे. ती प्रत त्यानं कुठून तरी मिळवली होती. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, “ही बाई होडीत बसली होती हो. घरी बसून हा आकडा कुणाला सुचणार नाही. कोण होत्या या?”

“माझी बहीण,” मी म्हटलं.

तो गोंधळला. “आहेत?”

“आहे. लांब असते. शाळेत भूगोल शिकवते.”

“तेव्हा यांचं ऐकलं असतं तर वरच्या ओढ्यांवर बांध घालून गाळ अडवता आला असता. एकोणीस वर्षं होती हातात.” हे त्यानं मला दोष द्यायला म्हटलं नव्हतं. त्याला काहीच माहीत नाही.

ताई, तो ताप एकच दिवस होता. आणि त्या दिवशी वारा एवढा होता की होडी निघालीच नव्हती, आपण तिघंही नावाड्याच्या झोपडीत दिवसभर पत्ते खेळलो होतो. शेवटचे चारही दिवस मी होडीत होते. मला सगळं आठवत होतं.

बारकी

१७ मार्च

ताई,

चौदा तारखेचं पत्र पोचायच्या आधीच हे लिहितेय, कारण ते अर्धंच होतं.

वही माझ्याकडे आहे.

लोखंडी कपाटात, हिवाळी कपड्यांच्या खाली. दोनदा घर बदललं, दोन्ही वेळा ती मी स्वतःच्या हातानं नेली. नोंदी माझ्याच अक्षरात आहेत; तू दोरी सोडून आकडा ओरडायचीस आणि मी लिहायचे. ती वही समितीपुढे ठेवली असती तर कुणाला काही विचारावंच लागलं नसतं.

का ठेवली नाही, ते लिहायला बसले की उठते. आज पाय टेबलाला अडकवून बसलेय.

शेवटून दुसऱ्या दिवशी मी एका रांगेतल्या दोन नोंदी उलट्यापालट्या लिहिल्या होत्या. तुला कळलं. तू नावाड्यासमोर म्हणालीस, “तुझ्या हातात पेन्सिल दिली हीच माझी चूक.” आणि भर उन्हात ती अख्खी रांग पुन्हा मोजायला लावलीस. तू बरोबर होतीस. तू नेहमी बरोबर असायचीस, आणि मी सगळीकडे ‘तिची धाकटी’. कॉलेजात, मंडळात, घरात बाबांपुढेसुद्धा. वही माझ्या पिशवीत होती. चौकशीची नोटीस आली तेव्हा माझ्या मनात आलं, एक दिवस हिला माझी गरज पडू दे. एक दिवस हिला घाम फुटू दे, मग मी उठून वही पुढे करीन आणि सगळे माझ्याकडे बघतील. एवढंच होतं ते. शपथेवर सांगते, एवढंच.

पण त्यांनी मला आधी बोलावलं. समोर सर बसले होते आणि त्यांच्याच मासिकात मला सहसंपादकाची जागा मिळायची होती. ‘नक्की सांगता येणार नाही’ हे तोंडातून निघालं, आणि त्यानंतर वही बाहेर काढायची म्हणजे मी पाच मिनिटांपूर्वी खोटं बोलले हे कबूल करायचं. त्यांनी त्याच बैठकीत निर्णय घेतला. तुझं सभासदत्व गेलं, मग सर्वेक्षण खात्यातलं काम गेलं, मग तू गेलीस.

बैठकीच्या त्या संध्याकाळी तू माझ्याकडे येऊन विचारलंस, “वही कुठंय गं?” मी म्हटलं, “होडीतच राहिली असेल.” आणि तू दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तलावावर शोधायला गेलीस.

आता तुला काय करायचं ते कर. मला उत्तर नको.

बारकी

२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. आठ ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्यात की आता कागद न बघता लिहिते, चुकलं तर सांग.

“वही तुझ्याकडे आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. नावाड्यानं सांगितलं, धाकट्या बाई पिशवीत घालून घेऊन गेल्या. परत आल्यावर मी तुझ्या दारात उभी राहिले. तू कपडे वाळत घालत होतीस. मी विचारलं, काही सांगायचंय का. तू नाही म्हणालीस. समितीपुढे परत जाऊन मी बोलले असते तर तू तिथंही नाही म्हणाली असतीस, आणि बहिणीला चारचौघांत खोटं पाडणं मला जमलं नसतं. मी तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघितली. नंतर वाट बघणं सोडलं. सही पाठवणार नाही.”

तो दिवस मला आठवतो. चादर होती हातात. तू चादरीच्या पलीकडे होतीस, म्हणून ‘नाही’ म्हणणं सोपं गेलं. तुला ठाऊक असेल असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. एकोणीस वर्षं मी समजत होते की मी लपवतेय.

पत्र वाचून मी सरांकडे गेले. त्यांची खुर्ची खिडकीपाशी असते, मांडीवर स्मरणिकेची मुद्रितं होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला वाटत होतं ते चिडतील, म्हणतील, जुनं उकरू नकोस. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “वही खरंच आहे?”

“आहे.”

“तेव्हा समोर आली असती तर मी मान्य केलं असतं गं. माझं पुस्तक चुकलं असतं, एवढंच ना. मी हट्टी होतो, पण आकड्याला आकडा म्हणणारा माणूस होतो. तुझ्या बहिणीवर मला रागच आला होता तो त्यासाठी, की एवढी चांगली मुलगी आणि आकडे बनवते.” मग चष्मा परत लावत, “नावाड्याला विचारायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. ते माझं.”

ताई, इतकी वर्षं मी अर्धं ओझं त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवून झोपत होते. त्यानं स्वतःचा वाटा तेवढा उचलला आणि बाकीचं मला परत दिलं.

आईला सांगितलं. ती मटार सोलत होती. सोलत राहिली. “मला वाटलंच होतं,” म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तिला सांगितलंस, आता ज्यांच्यासमोर खोटं बोललीस त्यांना सांग.” वार्षिक सभा अठरा तारखेला आहे.

बारकी

२० एप्रिल

ताई,

सभा झाली. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी अकराला सुरू. साठेक माणसं, खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जण नकाशांच्या कपाटाला टेकून उभे. यंत्रवाल्यानं मोजणीचे निष्कर्ष मांडले. नगरपालिकेचे दोन अधिकारी आले होते, ते लिहून घेत होते. मग माझा कार्यवाहाचा अहवाल. मी तो बाजूला ठेवला आणि वही टेबलावर ठेवली.

भाषण करायचं ठरवलं होतं, पाठही केलं होतं. तोंडातून आलं ते भलतंच. मी म्हटलं, “ही एकोणीस वर्षांपूर्वीच्या मोजणीची मूळ वही. हरवली नव्हती. मी ठेवून घेतली होती. चारही दिवस मी होडीत होते आणि या नोंदी मी लिहिल्यात.” मग चारही दिवसांचे आकडे वाचले. एकशे बारा. वाचायला वीस मिनिटं लागली. मधे कुणी उठलं नाही. उलट्या लिहिलेल्या दोन नोंदी आणि पुन्हा मोजलेली रांग, तेही वाचलं.

उपाध्यक्षांनी खाकरून म्हटलं, “बाईंच्या प्रांजळपणाबद्दल आदर आहे, पण पंचाहत्तराव्या वर्षी हे इतिवृत्तात घ्यायलाच हवं का? संबंधित सभासदांना खासगी पत्र पाठवू.”

मी म्हटलं, “निर्णय इतिवृत्तात आहे. मग तो चुकीचा होता हेही तिथंच लागेल. आणि इतिवृत्त अजून मीच लिहिते.”

मागून एक ओळखीचा आवाज आला. सरांना त्यांच्या सुनेनं चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं, मला दिसलेच नव्हते. “लिहून घ्या,” ते म्हणाले. “समितीनं नावाड्याची साक्ष घेतली नाही, हेही लिहा. आणि माझा लेख स्मरणिकेतून काढा. शंभर वर्षं नाहीत.”

मतदान झालं. तुझ्याविरुद्धचा निर्णय रद्द झाला. तुझं सभासदत्व त्या तारखेपासून अखंड धरलं जाईल. माझं मी स्वतःहून दिलं, पण त्यांनी ते राजीनामा म्हणून न घेता काढून टाकलं, तुला ज्या नियमानं काढलं त्याच नियमानं. मला काढायला तेरा जणांनी विरोध केला. मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूची नव्हते.

सभेनंतर यंत्रवाला जवळ आला. मला वाटलं काही बोलेल. त्यानं फक्त वहीची पानं फोटो काढायला मागितली. ओढ्यांवरच्या बांधांचं काम पुढच्या वर्षी हाती घेतील म्हणे. गाळ कुठं किती वेगानं साठला ते ठरवायला हे आकडे लागतील. प्रत्येक पान उलटताना तो वही दोन्ही हातांनी धरत होता. माझ्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही.

घरी आले तर पाणी आलं होतं. आईनं एकटीनं बादल्या भरल्या होत्या, गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो म्हणून. मी ओरडले. ती म्हणाली, “ओरड. आज तुला तेवढा अधिकार आहे.”

मंडळाचं पत्र तुला वेगळं येईल, रीतसर. हे माझं.

मला तुला भेटायचंय. वही तुझी आहे, ती टपालानं पाठवणार नाही. पुढच्या महिन्यात चारला निघाले तर पाचला दुपारी पोचेन.

बारकी

४ मे

ताई,

बसस्थानकावर बसून लिहितेय. हे पत्र माझ्यानंतर पोचेल, मग लिहितेस कशाला, असं कुणीही विचारेल. हाताला काही तरी हवं म्हणून. गाडी एक तास उशिरा आहे आणि मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी चौकशीच्या खिडकीतली बाई म्हणाली, “मावशी, बसा, गाडी तुम्हाला सोडून जाणार नाही.”

आईनं यायचा हट्ट धरला होता. शेवटी शेजारणीकडे ठेवून आलेय, रुसलीय. निघताना तिनं मला तुझ्यासाठी काही दिलं नाही, निरोपही नाही. म्हणाली, “तू बोल आधी. माझं मी फोनवर बोलेन, माझं काही भांडण नाही तिच्याशी.”

तुझं कार्ड काल आलं. चार वाक्यं.

पहिलं: येऊ नकोस.

दुसरं: मला तुला माफी मागताना बघायचं नाहीये, माझा तो कार्यक्रम नाही.

हे वाचून मी पिशवी रिकामी केली. कपडे परत कपाटात ठेवले. दुपारभर आईच्या खोलीत नुसती बसले. मग कार्ड पुन्हा उचललं, कारण पत्त्याच्या बाजूला, जागा नसताना, अगदी बारीक अक्षरात आणखी दोन वाक्यं होती. ती आईनं वाचून दाखवली. माझा चष्मा सापडत नव्हता.

“आलीसच तर मुख्य स्थानकावर उतरू नकोस, तिथून घर लांब पडतं आणि चढ आहे. पुढचा थांबा शाळेचा, सुट्टीतही निकालाचं काम आहे, मी सव्वातीनला सुटते.”

गाडी लागलीय. वाहकाला मी तीनदा विचारलं, शाळेच्या थांब्यावर थांबते ना. तो म्हणाला, थांबते, पण घंटी तुम्हालाच वाजवावी लागेल.

बारकी